पाचव्या आठवड्यातली भुवई

ती. आत्यास,

उजवी भुवई सांभाळून साष्टांग नमस्कार. (कपाळ टेकवता येत नाही, तेव्हा आशीर्वादाचा हात डाव्या बाजूनेच ठेव.) गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून वाजतात का? इकडे आई-बाबा ठीक. मी मात्र संपलो.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाआठला, बेसिनपाशी, माझं आयुष्य कायमचं बदललं. त्याआधी मी आशेवर जगणारा माणूस होतो.

तुला ठाऊकच आहे, सरांशी हुज्जत घालून मी चालू तासातून उठलो तो कॉलेजात पुन्हा गेलो नाही (चूक सरांचीच होती, पण तो विषय वेगळा), आणि तेव्हापासून चष्म्याच्या दुकानात काड्यांचे स्क्रू पिळतो. आमच्या काचेतून समोरचं टोचण्याचं दुकान दिसतं. कान, नाक, भुवई, जे पुढे कराल ते तिथे टोचून मिळतं, आणि टोचणारी जी आहे तिच्याबद्दल लिहायला बसलो तर पाकिटाला जास्तीचं तिकीट लागेल. पंधरा दिवस नुसतं बघण्यात काढले, मग भुवई पुढे केली. तिने माझी हनुवटी दोन बोटांत धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, आणि आत्या, सुई गेलेली मला कळलीसुद्धा नाही. (नंतर कळली. चांगलीच कळली.) बारीकशी दांडी, दोन टोकांना दोन गोळ्या. म्हणाली, जखम भरेपर्यंत हात लावायचा नाही, आठव्या आठवड्यात या, पहिला दागिना मीच बदलणार. मीच! वहीत पेन्सिलने लिहूनही घेतलं, शनिवार, साडेअकरा. अख्ख्या जगात माझ्या हक्काचं तेवढंच एक साडेअकरा होतं.

पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी एका आजोबांच्या चष्म्याला नाकाच्या गाद्या बसवताना सहज वर पाहिलं, तर समोर ती कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची हनुवटी धरून उभी. तीच दोन बोटं! तोच उजेड! वर दोघं हसतायत! माझं डोकं तुला माहीत आहे (बाबांचंच आहे, पण ते कबूल करत नाहीत). आजोबांची गादी उलटी बसली. संध्याकाळी बाजारातून एक काळी कडी आणली आणि ठरवलं, भुवई माझी, मीच बदलीन, कुणावाचून काही अडत नाही.

दिवसाला चाळीस स्क्रू पिळणाऱ्याला एक गोळी काय जड? सकाळी दुकानातून आणलेल्या चिमट्याने फिरवली. सुटली, बेसिनमध्ये दोनदा नाचली आणि जाळीतून खाली. दांडी हातात आली. कडी जाडी निघाली, काही केल्या जाईना. परत दांडीच घालावी, तर तिला गोळी नको? तरी मी घाबरलो नाही. स्क्रू पडला की दोऱ्याला लोहचुंबक बांधून सोडायचा, हा आमच्या धंद्यातला शिरस्ता. सोडला. आईच्या पिना आल्या, बाबांचं ब्लेड आलं, माझ्या लहानपणच्या मोटारीचा आससुद्धा आला. गोळी येईना. तेव्हा आठवलं, टोचताना ती सांगत होती की हे टायटॅनियम, चुंबकाला चिकटत नाही. मी त्या वेळी तिच्या पापण्या मोजत होतो.

शेवटी बाबांनी बेसिनखालचा पाइप उघडला. त्यांच्या पायांवर सगळं आलं, गोळी सोडून. या पाऊण तासात भोक आकसलं आणि भुवई टम्म फुगली. बाबा म्हणाले, "कॉलेज अर्धं, भोक अर्धं. एक तरी गोष्ट शिजेपर्यंत झाकण उघडू नकोस रे!"

तसाच तिच्याकडे गेलो. "कुणी काढलं?" "मीच." "का?" आता बेकरीवाल्याचं नाव कुणी काढेल का? मी काढलं. ती म्हणाली, "मी सगळ्यांचीच हनुवटी धरते. नाहीतर सुई डोळ्यात जाईल." मग वही उघडून माझं साडेअकरा खोडरबराने पुसलं आणि वर फुंकर मारली. तीन महिने भोक बुजू द्या, तोवर तुमचं इथे काही काम नाही, असंही म्हणाली. आत्या, त्या फुंकरीबरोबर मीही उडालो. आता कशात राम राहिला नाही.

तुझा अभागी भाचा

ता. क. तुझ्या कानांची भोकं बुजलीत, पुन्हा टोचायचीत, असं तू दोन वर्षं म्हणते आहेस. माझ्या ओळखीचं एक दुकान आहे. तुझे गुडघे असे, सोबतीला कुणीतरी हवंच.

ता. क. २. अजिबात दुखत नाही. (वरचं सुजेचं वाचू नकोस.)

ता. क. ३. मालक जेवायला गेलेत. समोर ती वही उघडून बसली आहे, आणि ते साडेअकरा अजून रिकामंच असणार. त्यात तुझं नाव घालून येतो. पुढे आठव्या आठवड्यात दागिना बदलायला पुन्हा यावं लागेल, आणि कान दोन आहेत, तर घाई नको, एका वेळी एकच टोचू. हे दारात उभा राहून लिहितोय, एक हात मुठीवर आहे. निघालो. दार लावलं.