उसनी पात

१२ फेब्रुवारी, गुरुवार
शाळेमागच्या वाफ्यांतला पांढरा कांदा आज उपटला. ९ वीची मुलं रांगेत, वाकून. "पात तोडू नका, पात तोडू नका" हे मी दिवसभरात किती वेळा म्हटलं असेन! शेवटी सुजितने माझा आवाज काढून तेच म्हटलं. सगळे हसले. मीही. पण पात राहिली तरच माळ विणता येते, नाहीतर कांदा नुसता गोणीत. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. आप्पांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं, आमच्याच बांधावर बसवून, मी सहा वर्षांची असताना. आता तेच फळ्यावर लिहिते. आप्पांच्या बोटांतलं निम्मंच माझ्या खडूत उतरतं.

नागावच्या शैलाताईंना २८ ला चाळीस माळा द्यायच्या आहेत. त्यांच्या होमस्टेच्या ओटीवर टांगणार, पाहुण्यांनी घ्यायच्या. मुलांनी पाटी रंगवली: "आम्ही लावला, आम्ही काढला, आम्ही विणला. ९ वी." 'विणला'तला ण जरा मोठा झालाय. राहू दे.

१६ फेब्रु., सोमवार
सावलीत पसरलेला कांदा निवडला. बराच सडका निघाला. उरला तो एकतीस माळांपुरता. तीनदा मोजला.

घाबरले. आणि वर्गात बोलून गेले, "चाळीस झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी हा उद्योगाचा तास बंद होईल." मु.अ. सर असं म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, "यंदा पहिलंच वर्ष आहे, बघू कसं होतं ते." बघू आणि बंद यांत केवढं अंतर. पण माझ्या मनात ते अंतर कधी उरतच नाही.
माझी चूक. (यापुढे मा.चू. रोज पूर्ण लिहायची लाज वाटते.)

१९ फेब्रु., गुरुवार
प्रार्थनेच्या आधी सगळ्यांना बोलावलं. सकाळी दवाने पात मऊ असते. ऊन चढलं की कडक होते आणि हातात तुटते.

आज खरं म्हणजे दर्शनाने शिकवलं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. कांद्याची मान अंगठ्याखाली धरते, पातीचा पेड फिरवते, पुढचा कांदा आपोआप जागेवर येऊन बसतो. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, तुमची वीण ढिली हाय."
"कुठे ढिली?"
"सगळीच."
तिची आई एका व्यापाऱ्याच्या गोदामात माळा बांधायला जाते. घरूनच आलेलं, माझ्यासारखं. मला फार बरं वाटलं. तिलाही वाटलं असावं. जाताना वळून हसली.

२१ फेब्रु., शनिवार
निम्म्या माळा झाल्या. उरलेला कांदा दर्शना घरी नेते म्हणाली. "आई हाय ना. होतील." दिला.

२३ फेब्रु., सोमवार
रिक्षातून माळा आल्या. शाळेतल्या धरून पूर्ण चाळीस! मुलांनी बाकं वाजवली. दर्शना भिंतीला टेकून उभी, कान लाल.

मी विचारलं नाही. एकतीसांच्या चाळीस कशा झाल्या, हे मी विचारलंच नाही. दोनदा मोजल्या आणि आनंद झाला. आता वहीसमोर बसल्यावर वाटतं, मला कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं?

२४ फेब्रु., मंगळवार
मुलांनी हट्टाने एक माळ आप्पांसाठी दिली. "बाईंच्या बाईंना," म्हणाली. (शिकवणारे म्हणून आप्पाही बाई! त्यांना सांगितलं, खूश झाले. शैलाताई फोनवर म्हणाल्या, एकोणचाळीसही चालतील.)

जेवताना आप्पांनी भाकरीशेजारी एक कांदा ठेवून बुक्कीने फोडला. एक घास खाऊन थांबले. दुसरा फोडला. डोळ्यांत पाणी.
"काय झालं?"
"हा आपला न्हाय."
"आप्पा, मुलांनी लावलाय. माझ्या डोळ्यांसमोर."
"तुझ्या डोल्यांना काय इचारू? जिभेला इचारतो. आपला कांदा गोड. हा बाहेरचा, गोणीतला." मग माळ उलटी धरून मान दाखवली. कापलेली मान, तिला दुसऱ्याच कांद्याची पात जोडलेली, पेंढ्याच्या काडीने. इतकी बारीक गाठ की मी आठ दिवस बघितली असती तरी दिसली नसती.
आप्पा बराच वेळ ती गाठ न्याहाळत होते. "बांधलंय मात्र झकास. ज्यानं बांधलंय त्याला माझा रामराम सांग."

२५ फेब्रु., बुधवार
शाळेत लवकर गेले. एकेक माळ हातात घेऊन मान तपासली. आणखी आठ. आप्पांची धरून नऊ.

दर्शनाला नळावर गाठलं, एकटीला. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, मी शाबासकी द्यायला आलेय.
"कमी पडत व्हते ना, बाई. तुमचा तास बंद झाला असता. गोदामात पडलेले कांदे शेठनं आईला दिले. चोरले न्हायत. आपल्या सडक्या कांद्यांची पात मी राखून ठेवली व्हती, ती जोडली. रविवारी आई दिसभर बसली."
मी ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.
"आई तिथं असंच करते. सगलेच करतात." मग माझ्याकडे नीट बघून, "चुकलं का, बाई?"

हो म्हटलं असतं तर तिच्या आईचं रोजचं काम खोटं ठरलं असतं. नाही म्हटलं असतं तर पाटी खोटी. मी म्हटलं, "उद्या बोलू."
आजवरची सगळ्यांत मोठी मा.चू.

२६ फेब्रु., गुरुवार
दर्शना आली नाही.

वर्गाला सांगितलं. नाव घेतलं नाही. नऊ माळांत बाहेरचा कांदा आहे, आणि तो माझ्यामुळे आला, मी तुम्हाला उगाच घाबरवलं, तास बंद होईल असं सर कधी म्हणालेच नव्हते. बोलताना डोळे भरले. सुजित म्हणाला, "बाई, रडताय?"
"कांदा आहे रे."
"आपला कांदा रडवत न्हाय, बाई."
त्याने आपला रुमाल पुढे केला. मळका होता. घेतला.

मग मु.अ. सरांकडे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हे न सांगता चाललं असतं."
"हो सर."
"आता सांगितलंत. आता मला ठरवावं लागेल."
पुढच्या वर्षीचं विचारायचं धाडस झालं नाही.

२७ फेब्रु., शुक्रवार
आजही नाही.

मधल्या सुट्टीत दर्शनाची आई आली, सुरेखाताई. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. हातांना कांद्याचा वास, माझ्या आईच्या हातांना यायचा तसाच.
"पोरीनं काल ताटाला हात लावला न्हाय. तिला चोर म्हटलंत का?"
"नाही. काहीच म्हटलं नाही. तेच चुकलं."
"मी बांधते ते काम हाय माझं. गिऱ्हाईक इचारीत न्हाय, आपण सांगीत न्हाय. त्यात माझ्या हाताचं काय खोटं?"
मी पाटी दाखवली. मोठ्या ण ची. म्हटलं, "ताई, इथे लिहिलंय, आम्ही लावला. एवढंच खोटं होतंय. बाकी तुमचं काम..." आणि आप्पांचा निरोप सांगितला, रामराम, शब्दाला शब्द.
त्या पाटीकडे बघत राहिल्या. मग रागानेच म्हणाल्या, "मग पाटी बदला. गाठ कशाला सोडता?"
मला हे सुचलंच नव्हतं. दोन दिवस मी त्या आठ माळा सोडायच्या कशा याचाच विचार करत होते.

त्या निघाल्या तेव्हा मागे धावले. "सोमवारी सकाळी याल? मुलांना ही गाठ शिकवाल? दर्शनालाही आणा."
"मला शाळेत कोण बोलावतंय," म्हणाल्या. ना हो, ना नाही.

२८ फेब्रु., शनिवार
नागावला एकतीस माळा दिल्या, मोठ्या पाटीसकट. उरलेल्या आठ वेगळ्या, पुठ्ठ्यावर नवीन अक्षरं: "कांदा बाहेरचा. बांधणी आमच्या गावची." शैलाताई हसल्या. "अगं वेडे, पाहुण्यांना काय कळतंय? कोण बघतंय मान?"
"माझे आप्पा बघतात."
त्यांनी आठही ठेवून घेतल्या, पण मागच्या खुंटीवर. कोणी घेईल का, माहीत नाही.
आप्पांना सांगितलं. "खुंटीवर का होईना, खरी टांगलीस," एवढंच म्हणाले, आणि ती नववी माळ स्वयंपाकघराच्या दारावर अडकवली. खाणार नाहीत म्हणे, बघायला ठेवलीय.

२ मार्च, सोमवार
सात वाजता शाळेत. ओटीवर सतरंजी घातली, घरची पात आणि कापलेल्या मानेचे थोडे कांदे, पेंढ्याच्या काड्या. मुलं एकेक करून आली. सुजितने विचारलं, "आज कोण शिकवणार?" म्हटलं, "बघू." आणि ऐकताना जाणवलं, या शब्दाने आज मला घाबरवलं नाही. म्हणजे, थोडंच.

दर्शना आली तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते रात्रभर घोकलंय: हो, चूक झाली, आणि ती आधी माझी होती. वीण मात्र तुझीच शिकायची आहे मला, माझी ढिली आहे.

साडेसात. फाटकाशी दुधवाला, मग कोणी नाही.
पावणेआठ. मुलांनी आपापली गाठ मारून बघितली, सगळ्यांची सुटली. माझीही.
ऊन ओटीच्या पायरीपर्यंत आलंय. पात कडक व्हायला लागली. तांब्या घेऊन तिच्यावर पाणी शिंपडलं. अजून थोडा वेळ मऊ राहील.