कानपिळी

आधारघर, पोलादपूर
१० फेब्रुवारी

चि. सौ. रूपालीस, मालोजीदादाचे अनेक आशीर्वाद.

काल सकाळी देवाला फूल वाहिलं आणि त्याच हाताने तुझ्या सासूबाईंच्या खोलीचं कुलूप उघडून सुनीलरावांना आत सोडलं. मी सांभाळतो त्या या आश्रमात एकट्या म्हाताऱ्यांची खोली ज्याची त्याची असते. मी रोज सकाळी दार वाजवून हाक मारतो आणि आतून ओ आली की मगच पाऊल टाकतो. दुसरी किल्ली माझ्याकडे असते, पण ती कोणी पडलं तरच वापरायची. घरच्या जावयाला दारात कसं ताटकळत ठेवायचं, म्हणून मी ती वापरली, आणि चहा टाकायला गेलो.

खाटेजवळची मदतीची घंटा वाजली तसा धावलो. सुनीलरावांनी बायजाबाईंना, स्वतःच्या आईला, तिच्याच काठीने मारलं होतं. मनगट लोंबत होतं, ओठ फाटला होता, घंटेची दोरी तुटून मुठीत आली होती. मी मधे पडलो तर काठी माझ्या खांद्यावर मोडली. आईला आश्रमात टाकली म्हणून गाव तोंडात शेण घालतं, तिने आत्ताच्या आत्ता घरी चलावं, असं त्यांचं म्हणणं. बाई रक्त थुंकून एवढंच म्हणाल्या की ही माझी खोली हाय, मी नाय येत. रविवारी जीप आणून उचलून नेईन, असं सांगून ते गेले.

महाडला प्लास्टर घातलं. तिथल्या हवालदाराने कोणी मारलं विचारलं तेव्हा मी पाहिलं नाही म्हणालो. तुझा संसार डोळ्यांपुढे आला. तुझा मोबाईल सुनीलराव बघतात, म्हणून पत्र रिझवानाकडे देतो. ती इथली औषधं सांभाळते आणि तुमच्याच तुडीलची आहे. तुझी खुशाली खरी तेवढीच लिही.

तुझा दादा

तुडील
१२ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार. वि. वि.

आत्यांना पेज डावीकडून भरव. उजवीकडचे दात ह्यांनी मागेच पाडलेत. तेव्हा विहिरीवर पडल्या असं आम्ही दोघींनी सांगितलेलं. त्या तुझ्याकडे राहायला आल्या, मग काठी माझ्यावर वळली. त्या दिवशी पोलादपुराहून आल्यावर ह्यांनी माझं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं. कपाळावर पदर घेऊन लिहिते हाय.

तू अजून जावई जावई करतोस. लग्नात तू ह्यांचा कान पिळलास, बहिणीला नीट सांभाळा म्हणून. सगळे हसले, तुला शर्टाचं कापड मिळालं. ते तू अजून शिवलं नाहीस, वहिनी सांगत होती. लहानपणी तू कोंबडीसुद्धा धरायचा नाहीस, कानही तसाच हळू धरला असशील रे.

माझ्या संसारासाठी गप्प राहू नको. त्यात आता गप्प राहण्यासारखं काय उरलं नाय.

आत्यांना नमस्कार सांग. तुझी माया कमी होऊ देऊ नको.

तुझी रूपा

आधारघर, पोलादपूर
१४ फेब्रुवारी

चि. रूपास आशीर्वाद.

देवीला कौल लावावा म्हणून काल देवळापर्यंत गेलो आणि पायरीवरून परतलो. तुझं पत्र वाचल्यावर तिला विचारायचं काय राहिलं होतं?

आज बायजाबाईंचं दार वाजवलं आणि ओ येईपर्यंत थांबलो. सुनीलचं नाव ठाण्यात सांगू का, विचारलं. त्या चांगल्या हाताने खाट धरून उठून बसल्या. मग म्हणाल्या, पोटचा हाय, पण सांग. आणि आधी पोरीला हितं आण, माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. वर मला टोमणा मारला की नवी दोरी खाटेपर्यंत लांब घे, मागची जावयाच्या सोयीने आखूड होती.

रिझवाना हे पत्र देईल. तिचा भाऊ अजमल रिक्षा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा असेल. सामान बांधत बसू नको, अंगावरच्या कपड्यांनिशी निघ. वाटेत विहिरीवर पडल्यासारखं काही रचायचं नाही, नुसतं ये. तू येशील तोपर्यंत पेज झालेली असेल.

मी सकाळीच ठाण्यात गेलो. पाहिलं ते सगळं सांगितलं, तुझं कपाळही सांगितलं आणि सही केली. हवालदाराने विचारलं, तो तुमचा कोण. मी नातं सांगितलं. तू इथे पोचेपर्यंत पोलीस सुनीलला घेऊन जातील.

ठाण्यातून येताना तुझ्या लग्नातलं ते कानपिळीचं कापड शिंप्याकडे टाकलं.

दादा