चौकाचं जुनं नाव

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
४ मार्च २०२६

चि. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितो. लग्नपत्रिका छापून झाल्या. बर दुबईच्या छापखानेवाल्या अबुजरनं सोनेरी अक्षरं छान उठवली आहेत. स्थळ म्हणून तू नुसतं 'आमच्या घरासमोरचा चौक, सवाना' कळवलं होतंस. पत्रिकेत ते शोभत नाही. माझ्याकडच्या अमेरिकेच्या जुन्या प्रवासपुस्तकात तुझा रस्ता सापडला आणि चौकाचं नावही: कॅलहून चौक. तुझी आई म्हणते, यांचा मुलीपेक्षा नकाशावर विश्वास जास्त.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी मानाची, सासरच्या सर्वांत वडील माणसाची. डेरियसच्या आजींना ती हळदकुंकू लावून कुरियरनं पाठवली आहे. पोचल्याचं कळव.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
बाबा

सवाना
९ मार्च २०२६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्रिका पोचली. आजींनी ती वाचली, टेबलावर पालथी ठेवली आणि उठून आत गेल्या. स्थळ त्यांना पत्रिकेतूनच कळावं म्हणून आम्ही आधी सांगितलं नव्हतं.

कॅलहून हा जुना पुढारी. गुलामगिरी चांगलीच आहे असं उघड म्हणायचा. चौकाला त्याचं नाव होतं. शहरानं ते काढलं. आता तो टेलर चौक आहे. सूझी टेलर गुलामीत जन्मली, चोरून लिहावाचायला शिकली आणि पुढे सुटलेल्या माणसांना शिकवू लागली. जुनं नाव जावं म्हणून आजी सह्या मागत दारोदार फिरल्या होत्या. त्यांच्याच नातवाच्या पत्रिकेवर आपण ते सोनेरी छापलं.

आणखी एक. त्या जागी गुलामांची दफनभूमी होती. माणसं अजून खालीच आहेत. मी रोज तिथे बसून डबा खाते, बाबा. डेरियस शिकागोत वाढला, त्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही तिथेच मांडव घालणार होतो.

आजी लग्नाला येणार नाहीत म्हणतात. त्या नसतील तर डेरियस उभा राहणार नाही. मी त्याला काय म्हणू?

आईला नमस्कार. माझ्यावर रागावू नका.
ऋता

दुबई
१६ मार्च २०२६

चि. ऋता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग आई म्हणाली, माणसांवर उभं राहून अक्षता कशा टाकायच्या? अबुजर म्हणाला, नावावर पट्टी चिकटवू, खलास. मी नको म्हटलं. पत्रिका सगळ्या रद्द केल्या.

मग आजींना फोन केला. जन्मभर ऑफिसात वापरलेलं इंग्रजी ऐन वेळी आटलं. नुसतं सॉरी म्हणालो. त्यांनी विचारलं, आधी मलाच का पाठवलीत? सांगितलं, आमच्यात घरातल्या सर्वांत वडील माणसाला मान असतो. त्या म्हणाल्या, घरात सर्वांत वडील मी नाही. ते त्या चौकाखाली आहेत. आधी त्यांना बोलवा, मग मी येते.

मी नावं विचारली. त्या हसल्या. तसं हसणं मी कधी ऐकलेलं नाही. नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत म्हणाल्या.

लग्न आजींच्या परसात ठरलं आहे. त्याआधी आपण सगळ्यांनी चौकात जायचं. आयुष्यात पुष्कळ आमंत्रणं केली, पण नाव नसलेल्या माणसाला हाक कशी मारतात ते मला येत नाही. आजींकडून शिकून ठेव, आणि आम्हालाही शिकव.

तुम्हां दोघांवर आमची माया आहे, तुमचीही राहो.
बाबा