रिपोर्ट येईपर्यंत अनवाणी

१२ मे २०२५, सोमवार, सकाळी १०.४०

कळंबच्या लॅबमध्ये, भर गर्दीत, तिथला नंदीश ओरडला — "कॅन्सरच्या तपासणीवाल्या मावशी कोण?"

मी! आणि मला कॅन्सर नाही. रक्तात एक जादा प्रथिन आहे. बहुतेकांना ते जन्मभर काही करत नाही. वर्षातून दोनदा मोजायचं, वाढलं नाही ना, एवढंच बघायचं. हे सगळं त्याला तिथंच सुनावलं. "व्हय मावशी, पण हळू सांगा की, लोक ऐकायलेत." आमच्या कॉन्व्हेंट शाळेत त्याला दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

संध्याकाळी शेजारच्या गौराबाई शहाळं घेऊन रडायला हजर. शहाळं गोड होतं, म्हणून रडू दिलं.

१४ मे

नळदुर्गहून शामला आली! धाकटी बहीण. नऊ वर्षं अबोला — तिच्या मुलीच्या लग्नातल्या पुऱ्यांना मी चामडं म्हटलं म्हणून. (होतंच.) मुलगी सासरी गेल्यापासून तीही माझ्यासारखी एकटीच. गौराबाईंनी कळवलेलं दिसतंय.

पायात चप्पल नाही. "अंबाबाईला बोललेय, ताई. तुझा रिपोर्ट चांगला येईपर्यंत अनवाणी." मे महिन्यात! स्टँडपासून चालत!

"अगं, मी मरत नाहीये."

"गप बस. रिपोर्ट आला की लगेच जाते. तुझ्या घरात राहायची हौस नाही मला."

१६ मे

तिच्या हातचं पिठलं. मग भांडण. मग पत्ते. बाई धडधडीत पानं लपवते! हसून पोट दुखलं.

१७ मे

दुपारी रिपोर्ट आणला. आकडा जागचा हललेला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "छान. आता नोव्हेंबरात."

कागद गादीखाली. शामलाला सांगितलं — रक्त पुण्याला गेलंय, वेळ लागतो.

१८ मे

तिच्या टाचेला फोड. मी अंगणात तीनदा पाणी मारलं. "कशाला गं एवढं पाणी?" म्हटलं, झाडांना. अंगणात एक झाड नाही.

१९ मे

फोड फुटला. उद्या सांगते. जाईल तर जाईल.

२० मे

सांगायच्या आधी मलम आणायला बाहेर पडले. नंदीश भेटला. "शामलामावशी शनिवारी सकाळीच रिपोर्ट बघून गेल्या की. तुमच्या आधी! लई खूश झाल्या."

आणि तरी अनवाणी!

चिठ्ठी लिहून तिच्या उशीवर ठेवली आहे. मलमाच्या शेजारी. मजकूर असा —

चप्पल घाल. इथंच राहणार की नळदुर्गला जाणार, ते उद्या सकाळी आठच्या आत लेखी कळव. तोंडी चालणार नाही. तोंडी आपण भांडतो.