दोन उजवे कौल

कोची बंदर
४ जानेवारी २०२५

ती. भागीरथी आत्यास,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. आम्ही दोघी सुखरूप आहोत. जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या कॅप्टनबाईंनी सगळ्या शिकाऊ पोरापोरींचे फोन काढून घेतले आणि कपाटात घालून कुलूप लावलं. बंदर आलं की घरी पत्र लिहा, म्हणाल्या. तुझ्या लेकीने, सईने, सगळ्यात आधी फोन दिला. वर म्हणते कशी, बरं झालं, आता आई तासातासाला जेवलीस का म्हणून विचारणार नाही.

जहाज शंभरी ओलांडलेलं आहे. दोन डोलकाठ्या, खालपासून वरपर्यंत लाकूड. अशा जहाजाला स्कूनर म्हणतात. नाव हेन्रिएटा, पण सईने तिचं हिराबाई करून टाकलंय आणि आता परदेशी मुलंसुद्धा हिराबाईच म्हणतात. चालतं सगळं शिडावर. लाकडात थोडं पाणी झिरपतंच, म्हणून पाळीपाळीने पंप मारायचा असतो. माझी पाळी आली की मला दर वेळी वाटतं, आज पाणी जास्त आलंय.

आत्या, हे तुला एकटीला सांगते. मला इथे फार भीती वाटते. डोलकाठीवर चढायला दोरशिडी आहे. सरावाला मी अर्ध्यावर गेले आणि तिथेच थिजले. हात सुटेनात. शेवटी सई खालून आली आणि माझा एकेक पाय धरून खालच्या दोरावर ठेवत तिने मला उतरवलं. हे तर बंदरात, जहाज बांधलेलं असताना.

मुंबईला थांबून पुढे जहाज सरळ ओमानच्या सलाला बंदराला जाणार. मधे जमीन नाही. मुंबईलाच उतरून घरी यावं असं रोज मनात येतं. पण पप्पांना काय सांगू? पत्र पणजीच्या बंदर कचेरीत पाठव, तिथे मिळेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी उन्नती


दिवाळे गाव, बेलापूर
९ जानेवारी

चि. उन्नतीस,
आत्याचे पदर भरून आशीर्वाद.

तुझा कागद चुलीपाशी उभी राहून वाचला. बोंबलाचं कालवन करपलं. सईच्या बाबांनी मुकाट्याने खाल्लं, म्हंजे माझं तोंड बघूनच त्यांना काय ते कळलं असनार.

पोरी, तुझ्या बापाने, माझ्या दादाने, काय करून ठेवलंय ते आधी ऐक. स्टेशनच्या वळनावर तुमचा दोघींचा हा एवढा बॅनर लागलाय. गावच्या वाघिनी, सातासमुद्रापार. माझ्या पोराने, धनेशने बनवला. खाली दादा हात जोडून उभा, आनि बाजूला नगरसेवकाचा फोटो तुमच्या दोघींपेक्षा मोठा. दादा रोज सकाळी बॅनरखाली जाऊन उभा ऱ्हातो आनि येनाऱ्याजानाऱ्याला थांबवून सांगतो. ज्या मानसाने बापाची होडी विकून चाळ बांधली, त्याला आता दर्या आठवलाय. मी त्याला म्हटलं पन तसं. तर म्हनतो, भागी, तुला काय कळतंय.

मला एवढंच कळतंय की तू उतर. घाबरनं काय पाप नाय. तू पाळन्यात होतीस तवापासून तुला ओळखते, उगाच रडनारी पोर तू नव्हतीस. लाजेपायी जीव टांगनीला लावू नको. तोवर त्या काठीवर बिलकूल चढायचं नाय. कोनी बोललं तर सांग, माझ्या आत्याने शपथ घातलीय.

सईची मला काळजी नाय. ती माझ्या पोटात होती तवापन लाथा मारायची. तिला सांग, जेवत जा.

तुझ्या बापाला कसं सांगायचं ते काय सुचत नाय. बघते. उशाशी देवीचा अंगारा ठेव नि पोट भरून खा.

तुझीच, भागीरथी आत्या


पणजी
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
उन्नतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बॅनरचं वाचून आधी हसू आलं आणि मग वाटलं, मी उतरले तर पप्पा त्या बॅनरखाली कसे उभे राहतील.

कारवार सोडल्यावर दुपारी उत्तरेचा वारा सुटला. जहाज इतकं कललं की एका बाजूचा कठडा पाण्यात गेला. भांडी, पेट्या, माणसं, सगळं घसरत त्या बाजूला. लाकूड असं करकरायला लागलं की मी मोठमोठ्याने देवीचं नाव घेत होते आणि मला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. वरचं शीड उतरवायचं होतं आणि त्याचा दोर डोलकाठीच्या टोकाशी अडकला. कुणीतरी वर जाऊन सोडवायला हवा होता. पाळी माझी होती. कॅप्टनबाईंनी माझं नाव घेतलं.

आत्या, मी एक पाय दोरशिडीवर ठेवला आणि दुसरा उचललाच नाही. कुलदीप म्हणून आमचा जुना खलाशी आहे, तो ओरडत होता, चढ नाहीतर बाजूला हो. मला दोन्ही होईना. मग सईने मला खांद्याने ढकललं आणि ती चढली. डोलकाठी पाण्यावर इतकी वाकली होती की सई जहाजाच्या वर नव्हतीच, समुद्राच्या वर होती. लाट आली की इकडून तिकडे. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शीड खाली आलेलं होतं आणि सई उतरत होती. खाली आली तेव्हा हसत होती.

मला कुणी रागावलं नाही. पंपावर पाठवलं. पंप मारता मारता मी खूप रडले.

आता ठरलं. मी मुंबईला उतरते. सईला विचारलं तर म्हणाली, मी पार जाणार, तू माझी काळजी करू नकोस. पप्पांना तू सांग, आत्या. माझ्याच्याने नाही होणार.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
उन्नती


दिवाळे गाव
२२ जानेवारी

चि. उन्नतीस,
तुझ्या आत्याचे आशीर्वाद नि पाठीवरून हात.

हा कागद मुंबईच्या बंदरात तुझ्या हाती पडावा म्हनून घाईने लिवते.

दादाशी बोलायचं बळ येईना, म्हनून काल मंगळवारी गावदेवीला कौल लावायला गेले. देवळातल्या पुतळामावशीने पाकळ्या चिकटवल्या. मी गाऱ्हानं घातलं, पोरीला उतरवून घेऊ का. उजवी पाकळी पडली. मला रडूच फुटलं. म्हटलं आता देवीचाच हुकूम हाय, दादा काय बोलनार?

तर पुतळामावशी म्हनते, भागी, जरा थांब. तुझा भाऊ सकाळीच येऊन गेला. त्यानेपन कौल लावला. त्याने इचारलं, पोरगी दर्या पार करून सुखरूप येल का. त्यालापन उजवीच दिली. आता तूच सांग पोरी, काय करायचं? एका घरातल्या दोघांनी एकाच गोष्टीला दोन गाऱ्हानी घालायची नसतात, हे आमाला दोघांनापन ठावं हाय. पन दोघंपन लपूनछपून गेलो ना. पुतळामावशीने मला चांगलं फैलावर घेतलं. देवीने दोघांना हो म्हटलंय, आता घरी जाऊन भांडा, म्हनाली.

तशीच उठून दादाकडे गेले आनि सगळं सांगून टाकलं. काठीचं, वाऱ्याचं, सगळं. मला वाटलं आता ओरडेल. तो खाली बसला. मग म्हनाला, तुमी गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा नाय. पोरगी घाबरत नाय, मग बापाने घाबरतो म्हनून कोनाला सांगायचं, असं त्याला वाटलं. बॅनरखाली उभं ऱ्हायलं की तेवढा वेळ बरं वाटायचं, म्हनाला. उन्नती, मी माझ्या भावाला असा कधी बघितला नव्हता.

तो तुला घ्यायला येतोय. काय बोलनार नाय, तूपन काय बोलू नको.

सईसाठी कौल लावायचा राहिला. पुतळामावशीने इचारलं होतं, लावू का. मी म्हटलं, जी अशा वाऱ्यात हसत उतरते तिच्यासाठी देवीला काय तरास द्यायचा. दादाबरोबर लाडू धाडलेत ते तिला दे नि सांग, आईला अभिमान हाय.

वाट बघते.
भागीरथी आत्या


दिवाळे गाव
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सईस,
तुझ्याहून तीन महिन्यांनी मोठ्या असलेल्या बहिणीचा आशीर्वाद. नको असला तरी घे.

हे पत्र विमानाने तुझ्या आधी सलालाला पोचेल आणि कचेरीत तुझी वाट बघेल. मी तुझ्याच घरी, तुझ्याच गादीवर झोपते. आत्याने ठेवून घेतलंय. पप्पांनी धक्क्यावर माझी बॅग उचलली आणि घर येईपर्यंत खाली ठेवली नाही, ते तू बघायला हवं होतंस.

धनेशच्या मोबाईलवर हिराबाईचा ठिपका दिसतो. रोज थोडा पुढे सरकायचा. परवापासून तो समुद्राच्या मधोमध एकाच जागी आहे. जहाजाच्या कचेरीत फोन केला. ते म्हणतात, किनाऱ्यापासून लांब गेलं की असं होतंच, काळजी करू नका. धनेश जेवताना बघतो, गाडी चालवताना बघतो. पप्पा आता बॅनरकडे फिरकत नाहीत. आत्या दिवसातून कितीदा तरी जेट्टीवर जाते आणि बाजारात गेले होते म्हणून सांगते. हातात पिशवी नसते.

सई, जहाजावर मला भीती वाटायची तेव्हा निदान ओढायला दोर होता, मारायला पंप होता. इथे नुसतं बसायचं आणि चहा प्यायचा. ही भीती त्या भीतीपेक्षा वाईट आहे. मी उतरले आणि तू माझ्याही पाळ्या करत असशील, हे मनातून जात नाही.

त्या दिवशी तू खाली आलीस तेव्हा तुझे दात वाजत होते. तुझी बोटं दोरावरून मी एकेक करून सोडवली. आईला लिहू नकोस म्हणालीस, म्हणून मी लिहिलं की तू हसत होतीस. मला जे वाटलं तेच तुलाही वाटलं होतं ना? मग सलालालाच उतर आणि विमानाने ये. पप्पा म्हणतात, तिकिटाचं ते बघतील.

आज सकाळी आत्या ओटी घेऊन तुझ्यासाठी कौल लावायला देवळात निघाली होती. उंबऱ्यात थांबली आणि मला विचारलं, सई त्या वाऱ्यात खाली आली तेव्हा खरंच हसत होती ना गं. मी हो म्हटलं. मग तिने ओटी परत देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली.

प्रेम आहेच, ते कुठे जात नाही. तू ये.
तुझी उन्नती