ओनेझिमच्या त्रेचाळीस टेपा

४ मार्च २०२५, मंगळवार

१९८३ मधला कुठलासा रविवार. चर्चमध्ये मिस्सा आटोपून घरी आलो. माझ्या नवऱ्याने, ओनेझिमने, नवा टेपरेकॉर्डर पावाच्या डब्यावर ठेवला आणि मला न सांगता लाल बटण दाबलं. मी लेकीवर, मिरेयवर ओरडत होते — दुसरा हातमोजा कुठे टाकलास, देवाने हात एकच दिलाय का तुला! पातेल्यावरचं झाकण खाली पडलं. तो फ्रिकोचा, आमच्या कोंबडीच्या रश्श्याचा, एक घोट घेऊन, पाद्रीबाबांसारखं तोंड करून म्हणाला, "मीठ कमी आहे, एर्मांस."

बस्स. एवढंच. पण संध्याकाळी त्याने ते परत ऐकवलं तेव्हा मिरेय हसून हसून खुर्चीवरून पडली. मग दर रविवारचा नेमच झाला. त्रेचाळीस टेपा भरल्या.

त्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याने त्या सगळ्या एकेक करून लॅपटॉपवर घेतल्या आणि वर क्लाउडमध्ये ठेवल्या. "समुद्रावर पन्नास वर्षं ढगांवर भरवसा ठेवला नाही, आता ठेवतोय बघ." पुढे तळघरात पाणी शिरलं, टेपांना बुरशी आली, मीच त्या फेकून दिल्या. ऑपरेशननंतर त्याला आवाज नव्हताच. २०२३ च्या नोव्हेंबरात तो गेला तो पाटीवर लिहीत लिहीत.

हे आज आठवायचं कारण — त्या साठवणवाल्या कंपनीचं पत्र आलंय. सेवा बंद होणार. ३१ मार्चच्या आत फाइली दुसरीकडे हलवा, नंतर त्या पुसल्या जातील.

पुसल्या जातील!

मिरेयला कॅलगरीला फोन केला. "घाबरू नकोस आई, महिना आहे. सावकाश उतरवून घे." तिच्याकडे बर्फ आहे का विचारलं. म्हणाली, "हे रविवारीही विचारलंस." विचारलं असेल.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन आले आणि तशीच लॅपटॉपपुढे बसले. पान उघडेना. नुसतं गरगर फिरणारं वर्तुळ. ब्राउझरच म्हणाला, जुना साठा साफ करा. म्हटलं करू या. दिवसही साफसफाईचाच आहे. चौकटी होत्या पाच-सहा. शाळेतल्या सिस्टर सेंट-आल्फोन्स म्हणायच्या, अर्धवट झाडलेली खोली म्हणजे न झाडलेली खोली. सगळ्या चौकटींत खुणा केल्या.

पान उघडलं. पण पासवर्ड मागायला लागलं. एरवी तो आपोआप भरलेला असायचा. त्या चौकटींतली एक पासवर्डांची होती.



६ मार्च

स्वयंपाकघरातल्या खणात ओनेझिमची वही आहे. सगळे पासवर्ड त्याच्या वाकड्या अक्षरात. या खात्यापुढे त्याच्या बोटीचं नाव आणि ५८. तो घातला. चुकीचा! पुन्हा घातला. चुकीचा. तिसऱ्यांदा खाली बारीक अक्षरात आलं — हा पासवर्ड २ फेब्रुवारी २०२४ रोजी बदलला आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत ओनेझिम जमिनीत होता.

कुणी बदलला?

८ मार्च, शनिवार

"पासवर्ड विसरलात?" यावर बोट ठेवलं. म्हणे आकडा पाठवतो — ओनेझिमच्या मोबाईलवर. तो नंबर दफनानंतर महिन्याभरात मीच बंद केला. मग एक लांबलचक अर्ज. खातं कधी उघडलं, शेवटचा पासवर्ड कोणता. आज उत्तर आलं: हे खातं तुमचंच आहे याची खात्री आम्हाला पटू शकली नाही.

मी मी आहे हे मला सिद्ध करता येईना. त्रेपन्न वर्षं त्याची बायको, आणि यंत्र म्हणतंय खात्री पटली नाही.

१० मार्च

नातवंडांची नावं, लग्नाची तारीख, कुत्र्याचं नाव, गावाच्या संताचं नाव — सगळं घालून पाहिलं. खातं चोवीस तास बंद केलं त्यांनी. 

सूप करपलं. पातेलं घासतेय.

१२ मार्च, बुधवार

लॅपटॉप घेऊन ओदेतकडे गेले. तिच्या वडिलांचं मासळीचं दुकान होतं, तिथेच ती आता कंप्यूटर दुरुस्त करते. अजून कॉडचा वास येतो. पायांत रबरी बूट, नाकावर दोन चष्मे.

"काकी, पुसलेला ब्राउझर म्हणजे उपसलेला सापळा. आत खेकडा उरत नाही. पण काकांनी कुठे नक्कल ठेवली होती का?"

ठेवली होती! माझा ओनेझिम! पाकिटाएवढी डिस्क, शिवणाच्या डब्यात. दर पहिल्या शुक्रवारी, मिस्सेनंतर, तो सगळ्या लॅपटॉपची नक्कल तिच्यावर घ्यायचा. देवाला एक तास, यंत्राला एक तास, म्हणायचा.

"मग रडता कशाला," ओदेत म्हणाली. "आणा ती."

निघताना तिला ओनेझिमचं स्मरणकार्ड दिलं. पुढे त्याचा बोटीवरचा फोटो, मागे प्रार्थना. तिने ते घेतलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हो फोटो."

१४ मार्च, शुक्रवार

डिस्कवरची शेवटची नक्कल ऑक्टोबर २०२३ ची. ओदेतने तिच्यातला ब्राउझरचा जुना कप्पा काढून माझ्या लॅपटॉपवर जागच्या जागी बसवला. आणि काय सांगू — ओनेझिमच परत आला! भरती-ओहोटीची पानं, खेकड्याचे भाव, वाऱ्याचे नकाशे, "घसा दुखतो उपाय". बासष्ट पासवर्ड. बँकेचा, विजेचा, सगळे चालले.

तेवढा एक चालला नाही. तो जुनाच होता, बोटीचा.

ओदेतने दोन्ही चष्मे काढले. "काकी, ऐका. हे खातं काकांच्या फोनवर आणि या लॅपटॉपवर, एवढंच उघडलेलं दिसतंय. फोन तर तुम्ही बंद केला होता. म्हणजे ज्याने बदलला त्याला जुना पासवर्ड माहीत होता आणि तो बहुतेक इथेच बसला होता. याच लॅपटॉपपुढे."

"म्हणजे माझ्या घरात."



१५ मार्च

माझ्या घरात. माझ्या खुर्चीत. माझ्या खणातली वही काढून.

दाराला आतून खुर्ची लावली. दिवसाढवळ्या! तरी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसवत नाही. लॅपटॉपचा पंखा घुरघुरला की दचकते. वाटतं, जो कुणी आहे तो अजून आतच आहे.

पण कशासाठी? आमच्या घरच्या गप्पा, झाकणांचा खडखडाट — कुणाला काय करायचंय त्याचं?

१७ मार्च, सोमवार

मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. २ फेब्रुवारीला एकच ओळ: "मेणबत्त्यांचा सण. झेलिका आली. पॅनकेक केले. दिवसभर बर्फ. बाकी काही नाही."

झेलिका.

कॉन्व्हेंटमध्ये सहा वर्षं माझ्या शेजारच्या पलंगावर झोपलेली झेलिका. तिच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे. गेल्या वर्षभर सारखी येतेय, हक्काने खण उघडते, गॅस बंद आहे का बघते. मी म्हणायची, माया आहे तिची.

नाही. असं लिहू नये. पण त्या दिवशी दुसरं कुणीच आलं नव्हतं. लिहिलंय ना मी! रोजनिशीत जे नाही ते घडलं नाही, असंच आजवर धरून चाललेय.

१९ मार्च, संत जोसेफचा दिवस

आज विचारलं. ती कॉडचं सूप घेऊन आली होती. बर्फातून, गुडघा दुखत असताना.

"झेलिका, मागच्या वर्षी मेणबत्त्यांच्या सणाला तू माझ्या लॅपटॉपवर काय केलंस?"

"तीन पॅनकेक जाळले. लॅपटॉपवर नाही, तव्यावर."

"थट्टा नको. ओनेझिमचा पासवर्ड तू बदललास."

ती हसायला लागली, मग माझा चेहरा पाहून थांबली. "अगं बये, मला माझ्या टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही."

"घरात तुझ्याशिवाय कोणी नव्हतं."

"होतं," ती म्हणाली. "तू होतीस."

मी म्हटलं, शब्द फिरवू नकोस. आणखीही बोलले. तिला ओनेझिम आधी आवडायचा, हे साठ वर्षांपूर्वीचंसुद्धा काढलं. देवा, क्षमा कर.

तिने पर्सच्या कडीतून किल्ली सोडवायला घेतली. तिची बोटं संधिवाताची, कडी उघडेना. मी बघत उभी राहिले. मदत केली नाही. शेवटी किल्ली निघाली. टेबलावर ठेवून गेली.

२० मार्च

सूप तसंच आहे.

२४ मार्च, सोमवार

सात दिवस उरले. मिरेयला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, झेलिकामावशीवर आळ घेतलास?" मग म्हणाली, "मी येते. २९ ची तिकिटं मिळतायत." एवढ्यासाठी कशाला, म्हटलं. "एवढ्यासाठी नाही," ती म्हणाली.

मग कशासाठी?

२६ मार्च

आज त्याचा आवाज आठवायला गेले आणि आठवेना. शब्द आठवतात, आवाज नाही. "मीठ कमी आहे" माझ्याच आवाजात ऐकू येतं. रेकॉर्डिंग गेली तर तो असा जाणार. दुसऱ्यांदा. आणि या वेळी मी दार उघडं टाकल्यामुळे.

२७ मार्च, गुरुवार

झेलिका दारात. आत येईना. हातात तिचं काळं प्रार्थनापुस्तक.

"किल्ली नाही, म्हणून ठोठावलं," ती म्हणाली. "काल ओनेझिमसाठी जपमाळ म्हणत होते. प्रार्थना वाचायला त्याचं कार्ड उलटं केलं. हे बघ. आणि अक्षर कुणाचं ते तूच सांग, मी चोर आहे."

प्रार्थनेखालच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने. सातला मधे आडवी रेघ नाही म्हणून सिस्टर सेंट-आल्फोन्सने माझी बोटं फोडली होती, तेव्हापासून मी घालते तशी रेघ असलेला सात. वळणदार, उजवीकडे झुकलेलं, शाळेतलं अक्षर. माझं.

"२७-२-२०२४ ला खातं उघडून खात्री केली. नवा पासवर्ड:" — आणि खाली, सगळं सलग, मीठकमीआहे१९८३.

या रोजनिशीच्या पहिल्याच पानावर लिहून बसले होते मी ते! बोट घातली, कुत्रा घातला, संत घातला.

"तू दिलंस मला," झेलिका म्हणाली. "म्हणालीस, हे जपून ठेव, मी विसरेन. मला वाटलं, कार्डच जपायला सांगतेयस."

मला आठवत नाही. लिहिलेलं, दिलेलं, बदललेलं — काहीच नाही.

पण उघडलं! दोघी लॅपटॉपपुढे बसलो, तिनेच बटण दाबलं. झाकण पडलं, मी ओरडले, आणि तो — तो! — म्हणाला. जाडसर, थोडा नाकात, र अर्धवट. झेलिका म्हणाली, "खरंच कमी असायचं गं तुझ्या रश्श्यात मीठ." हसता हसता दोघी रडलो. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मागितलीस. आता चहा टाक."

२८ मार्च, शुक्रवार

ओदेतने त्रेचाळीसही फाइली उतरवल्या. दोन डिस्कांवर, दोन नकला. एकेक वाजवून पाहिली. सगळ्या आहेत, तीन दिवस राखून! नवऱ्याच्या दुःखात माणूस विसरतंच. दुःखाचं धुकं होतं, दुसरं काही नाही. आज दाराला खुर्ची लावली नाही.

३० मार्च, रविवार

मिरेय काल आली. आज मिस्सेत झेलिकाचं प्रार्थनापुस्तक हातातून निसटलं. बाकाखाली ओनेझिमची कार्डं पसरली. सात. "सगळी तूच दिलीस," ती हळूच म्हणाली. "दर वेळी पहिलंच असल्यासारखं रडत. मी घेत गेले." बाहेर ओदेतला विचारलं. तिच्याकडे चार.

मंगळवारी मिरेयबरोबर डॉक्टरकडे जायचंय. त्याआधी, आज डोकं स्वच्छ आहे तोवर:

एक डिस्क मिरेयला. तिच्या मुलांना हातमोज्याची टेप आधी ऐकवावी.

दुसरी डिस्क झेलिकाला. ओनेझिमची जपमाळही तिलाच.

त्याची वही आणि लॅपटॉप ओदेतला.

नवे पासवर्ड मिरेय आणि झेलिकाकडे राहावेत. मला देऊ नयेत, मागितले तरी. मी बदलून टाकीन.

घराची किल्ली झेलिकाला आजच परत दिली. मी चोर म्हणून तिचं नाव पुन्हा घेतलं तर कुणी खरं मानू नये.

उरलेली कार्डं माझ्या प्रार्थनापुस्तकात आहेत. मी कुणाला दिलं तर घ्यावं. पहिलंच असल्यासारखं.