परत आलेला मासा

३ मार्च, सोमवार

आज टेस्टिंग. जिंकलो. अर्थात.

बोर्डरूममध्ये एअरलाइनच्या मॅडम, आमच्या फ्लाइट किचनचे मोठे साहेब आणि सूट घातलेली दोन माणसं. माझा मासा आत गेला आणि सगळे चिडीचूप. वर बदामाचं कुरकुरीत कवच, खाली लिंबू-लोण्याचा सॉस. सुरी लागल्यावर कवचाचा जो कर्रर्र आवाज झाला, तो मी दारापाशी उभा राहून ऐकला. अंगावर मूठभर मांस चढलं. मॅडमनी पहिला घास डोळे मिटून खाल्ला.

विमानातल्या बिझनेस क्लासच्या जेवणाइतकी फसवणूक जगात दुसरी नाही, हे मी हॉटेल सोडून इथे आलो तेव्हापासून ओरडून सांगतोय. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ काय, गरम टॉवेल काय, अंगठ्याएवढ्या मीठ-मिरीच्या बाटल्या काय! आणि एवढा थाटमाट झाल्यावर पुढ्यात येतं ते ओलं पोतेरं. नाव मात्र तीन ओळींचं. हे सगळं आता माझा मासा बदलणार.

मेहुण्याची कोंबडीसुद्धा पास झाली. टोमॅटोच्या सॉसमध्ये शिजवलेली, बाजूला भात. आजारी माणसाचं जेवण. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, माझा असिस्टंट. मीच चिकटवला त्याला इथे. त्याला वाईट वाटू नये म्हणून पास केली असणार.

साहेब म्हणाले, महिनाभर दोन्ही पदार्थ विमानात जातील. ज्याच्या भरल्या प्लेटा जास्त परत येतील, तो पदार्थ बंद आणि तो करणारा इकॉनॉमी सेक्शनला. ऑम्लेट आणि बन. दुसरा प्रीमियम किचनचा हेड. म्हणजे मी हेड झाल्यात जमा. मेहुण्याबद्दल जरा वाईट वाटलं, पण ऑम्लेट त्याला शोभेल.

संकल्प : हेड झाल्यावरही नम्र राहायचं. कोणावर खेकसायचं नाही.

५ मार्च, बुधवार

पहिली ट्रॉली गेली. आम्ही इथे शिजवतो, गारेगार करतो, प्लेटमध्ये मांडून वर फॉइल लावतो. विमानात क्रू ओव्हनमध्ये पुन्हा गरम करतो. एवढं साधं काम आहे. मेहुणा म्हणाला, भाऊजी, फॉइलखाली वाफ धरेल, कवच मऊ पडेल. मी त्याच्यावर खेकसलो.

(हेड अजून झालेलो नाही. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.)

६ मार्च, गुरुवार

विमान आलं. ट्रॉली धुण्याच्या सेक्शनला गेली, मागोमाग मी. मासे बहुतेक सगळे परत. कारण उघड आहे. फ्लाइट पहाटेची. पहाटे मासा कोण खातो? एकाने नुसती लिंबाची फोड खाल्ली होती. निदान त्याला चव होती.

कोंबडीच्या प्लेटा बनने पुसून चकाचक. बिझनेस क्लासच्या तिकिटावर प्रवास करायचा आणि प्लेट पुसायची! लोकांना मॅनर्स म्हणून राहिले नाहीत.

८ मार्च, शनिवार

घरी मासा केला. ही माझ्यासमोर बसून पूर्ण खायला लागली. मी विचारलं कसा झालाय. छान म्हणाली. बावीस वर्षांत ही माझ्या कुठल्याही पदार्थाला छान सोडून दुसरं काही म्हणालेली नाही. अशी जीभ लाखात एखादीची. नंतर ओट्यापाशी उभी राहून दोन केळी खाल्ली. डॉक्टरांनी कॅल्शियम सांगितलंय तिला, त्यासाठी असावीत.

९ मार्च, रविवार

मेहुणा घरी. गळका नळ दुरुस्त केला, पोटभर जेवला, हसत गेला. स्पर्धेबद्दल चकार शब्द नाही. हाच त्याचा कावेबाजपणा. मी असतो तर बोललो असतो.

ही म्हणाली, गुणी आहे हो पोरगा. आपला तो बाब्या!

११ मार्च, मंगळवार

दोष क्रूचा आहे, हे आता नक्की. क्रूच्या ब्रीफिंग रूममध्ये जाऊन फुकट ट्रेनिंग दिलं. फॉइल कधी काढायची, ओव्हन किती ठेवायचा, सॉस डावीकडून बारीक धारेने कसा सोडायचा. मुली मोबाइलमध्ये. त्यांची सीनियर, उंच, केस घट्ट बांधलेली बाई, तिने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की सर, तुम्ही विमानात कधी बसलाय का?

मी म्हणालो, डॉक्टरला स्वतः आजारी पडावं लागतं का?

ती म्हणाली, पडू नये, पण हॉस्पिटल बघितलेलं असावं.

मुली फिदीफिदी हसल्या. मोबाइल बघत नव्हत्या तर!

उद्धट बाई. उथळ पाण्याला खळखळाट फार. मी विमानात बसलेलो नाही, कारण वेळ मिळालेला नाही. शिवाय कान दुखतात. म्हणजे बसलो तर दुखतील.

१४ मार्च, शुक्रवार

मेहुण्याने विचारल्याशिवाय ज्ञान पाजळलं. म्हणे, वर हवा कोरडी असते, नाक बंद झाल्यासारखं होतं, जीभ मंदावते. जेवण वरच्यासाठी शिजवायला हवं, खालच्यासाठी नाही. मी म्हटलं, जीभ काय विमानतळावर जमा करतात का? पालथ्या घड्यावर पाणी. उगाच नाकाने कांदे सोलायचे.

दुपारी कोणी नसताना मीठ दुप्पट केलं. त्याच्या सांगण्यावरून नव्हे. माझं आधीच ठरलं होतं.

१५ मार्च, शनिवार

मासे परत. क्रूचा निरोप : पॅसेंजरांनी फार पाणी मागितलं.

पाणी मागणं हे तब्येतीने जेवत असल्याचं लक्षण आहे. प्रगती आहे.

१८ मार्च, मंगळवार

सापडलं! चूक नावात आहे. मेन्यूकार्डावर नुसतं ‘मासा’ लिहिलं तर माणूस काय कपाळ कल्पना करणार? मेन्यू छापणाऱ्याच्या डोक्यावर बसून बदलून घेतलं. आता असं : ‘मंद आचेवर जोपासलेला समुद्राचा ताजा मासा, सोनेरी बदामांच्या शालीत, लिंबू-लोण्याच्या कोवळ्या उन्हासह’. तीन ओळी झाल्या. पण माझ्या तीन ओळींना अर्थ आहे. मेहुण्याच्या पदार्थाचं नाव : ‘कोंबडी, भात’. लिहिताना छापणाऱ्याला जांभई आली.

१९ मार्च, बुधवार

कोंबडी सगळी संपली. मासे सगळे परत. लोकांना वाचायची सवय राहिली नाही, दुसरं काय.

एका माशावरची शाल उतरवून बाजूला ठेवली होती. सुबक घडी घालून. कोण ही माणसं? कुठे राहतात? यांना घरी कोणी जेवायला घालतं का?

२१ मार्च, शुक्रवार

आनंदाचा दिवस. धुण्याच्या सेक्शनमध्ये उभा होतो. तिथल्या मावशींनी दोनदा सांगितलं की वाटेत उभे राहू नका, तिसऱ्यांदा पाण्याचा पाइप माझ्या बुटांवर सोडला. तरी हटलो नाही. आणि फळ मिळालं. माशाची एक प्लेट पूर्ण रिकामी! सॉसचा ठिपकासुद्धा नाही. फोटो काढला. साहेबांना पाठवला, हिला पाठवला, मेहुण्याला दोनदा पाठवला. किचनमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली. एका दर्दी माणसाने तरी ओळखलं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण सगळेच काही गाढव नसतात.

२२ मार्च, शनिवार

सीनियर बाई भेटली. ती प्लेट विमानातल्या छोट्या किचनच्या ओट्यावरून घसरून खाली पडली होती म्हणे. मासा कचऱ्यात गेला.

मुद्दा असा की घसरण्याइतका तो मऊ झाला होता. शिजवण्यात कसूर नव्हती.

कॉफी प्यायलेल्यांपैकी कोणीही काही बोललं नाही. सगळ्यांना कळलंय. मेहुणा तर इतका काही बोलला नाही की कानशिलात मारावीशी वाटली.

२५ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले. बसा म्हणाले की समजायचं. म्हणाले, सोमवारी निर्णय आहे. तुमचं म्हणणं क्रू वाईट, ओव्हन वाईट, पॅसेंजर वाईट. तर शनिवारी दुपारच्या फ्लाइटने स्वतः जा, बिझनेस क्लासमध्ये बसा आणि बघा. सोबत घरच्यांना न्या. परत आल्यावर, मासा ठेवावा असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगितलंत, तर मी ठेवतो. हेडही तुम्हीच. तुमचा शब्द शेवटचा.

याहून मोठा मान काय असतो! लगेच हो म्हणणार होतो, पण गुडघा आठवला. गुडघ्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, तिथे पाय लांब करता येतात. कानाचं सांगितलं. चॉकलेट चघळा म्हणाले. सासूबाईंच्या तब्येतीचं सांगायला लागलो, तर म्हणाले की त्या ठणठणीत आहेत, मेहुण्याला विचारलंय.

घरी येऊन सांगितलं, तर ही बॅग भरूनच बसलेली. भावाने फोन केला होता.

संकल्प : घाबरायचं नाही.

२७ मार्च, गुरुवार

घाबरलेलो नाही. विमान काय, हवेतली बस.

पण आज इकॉनॉमी सेक्शनवरून जाताना थांबलो. लांबलचक टेबल, ऑम्लेटांचा ढीग, एकसारखी पिवळी. एक माणूस त्यांच्या घड्या घालत होता, न बघता. वय माझ्याएवढंच. त्याने मला नमस्कार केला आणि मी भराभर पुढे निघालो. खरं लिहायचं तर भीती वाटते. तीस वर्षं हातात कढई आहे आणि लोकांनी बोटं चाटावीत एवढीच इच्छा होती. ऑम्लेटला कोण बोटं चाटतं?

गुडघा खरंच दुखतोय.

२९ मार्च, शनिवार, विमानात

बसलो. उडालं. डोळे उघडे होते. थोडा वेळ मिटले होते, पण ते विश्रांतीसाठी.

ही भलतीच खूश. सीटची सगळी बटणं दाबून झाली. आडवी झाली, उठली, पुन्हा आडवी झाली. बावीस वर्षांत हिला कुठे नेलं नाही, हे हिने बोलून दाखवलं नाही. मलाच आठवलं.

गरम टॉवेल आला. मान पुसली, कान पुसले, बगला पुसायला घेतल्या तेव्हा हिने माझा हात धरला. टेबलक्लॉथ बरा. मीठ-मिरीच्या बाटल्या बऱ्या. हिने दोन पर्समध्ये टाकल्या.

थोड्या वेळाने

सीनियर बाईच आहे ड्यूटीवर. अदबीने वाकून तिने हिला विचारलं, मॅडम, मासा घेणार की...

कोंबडी, असं ही म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत!

मी हिच्याकडे वळलो. ही खालच्या आवाजात म्हणाली, अहो, बावीस वर्षं तुमच्याच हातचं खातेय, आज बाहेर जेवायला आलोय ना.

मी मासा घेतला. फॉइल वेळेवर काढलेली. सॉस डावीकडून, बारीक धारेने. बाईने सगळं मी शिकवलं तसंच केलं. काही म्हणजे काही चुकवलं नाही. हलकट!

सुरी लावली. आवाज नाही. पुन्हा लावली. कवच सुरीला चिकटून वर आलं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. घास घेतला. चावला. वाट पाहिली. दुसरा घेतला. लिंबू कुठे, लोणी कुठे, काही पत्ता नाही. मीठ मात्र होतं.

ओव्हनचा दोष असणार. किंवा उंचीचा. किंवा माझं नाक... सर्दी नाहीये मला.

हिला विचारलं, मग घरी छान म्हणायचीस ते काय होतं? हिने काटा खाली ठेवला. मग म्हणाली, तुम्ही इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत असायचात हो.

आजूबाजूला सगळे वाकून जेवतायत. बनने प्लेटा पुसतायत. कोणी वर बघत नाही. हिने बनचा तुकडा मोडला, टोमॅटोच्या सॉसमध्ये बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

खाल्ला.

दुसरा मीच मोडून घेतला. तिसराही. मग हिने प्लेट मधोमध सरकवली आणि हिच्या वाट्याचा भात कधी संपला, मला कळलंच नाही.

आणखी थोड्या वेळाने

ही झोपली. मी बेल दाबली. बाई आली. मी तिच्या कानाशी लागून विचारलं, एखादी कोंबडी उरलीय का.

ती म्हणाली, सॉरी सर, ती सगळ्यात आधी संपली, सगळ्यांनी तीच घेतली. पण मासे भरपूर आहेत, एक गरम करून आणू का?

पोटात कावळे ओरडत होते. नको म्हणालो.